अंगावरचा तीळ : एका समजुतीचा इतिहास



ज्यांनीं सरकारी किंवा निमसरकारी नोकरी केली आहे त्यांना आपलें सेवापुस्तक ठाऊक असेल. त्यांत नांव, जन्मतारीख, उंची यांच्याबरोबर एक रकाना असतो : ‘ओळखीची खूण’. मी शाळेच्या नोकरीला लागलों त्या दिवशीं आमच्या कारकुनानें माझ्या चेहऱ्याकडे चष्मा सांवरून पाहिलें आणि त्या रकान्यांत लिहिलें, ‘डाव्या गालावर तीळ’. पुढें केस पिकले, दांत पडले, पाठ वांकली. पण तो तीळ मात्र निवृत्तीच्या दिवशींहि जसाच्या तसा होता. माणसाच्या देहावर कायम टिकणाऱ्या म्हणून ज्या थोड्या गोष्टी सरकारदप्तरीं मान्य आहेत, त्यांत तिळाची गणना होते, ती कांहीं उगीच नव्हे.

आज मला या तिळाचा इतिहास सांगावयाचा आहे. न बदलणें या ज्या गुणामुळें तीळ ओळखीची खूण ठरतो, तो गुण त्यानें एखाद्या दिवशीं सोडला तर त्याचा अर्थ काय, हें समजण्यास मनुष्यजातीला फार काळ लागला; आणि ग्रंथांतून तें लिहिलें गेलें तरी आपल्या घरांपर्यंत अद्याप पुरतें पोंचलेलें नाहीं.

आपल्या लोकांनीं तिळाकडे पाहिलें तें बहुधा दैवाची लिपि म्हणून. सामुद्रिक जाणणारे पुरुषाच्या उजव्या अंगावरचा आणि स्त्रीच्या डाव्या अंगावरचा तीळ शुभ मानीत. विष्णूच्या वक्षःस्थळावरील श्रीवत्सलांछन तर भक्तांच्या नित्य ध्यानांतलें. बाळाच्या अंगावर लासें दिसलें कीं ‘ग्रहणांत आईनें कांहीं चिरलें असेल’ असें घरांतल्या वडील बायका म्हणत. आणि ज्या बाळाला देवानें तीळ दिला नाहीं, त्याच्या गालावर आई काजळाची तीट लावून तो स्वतः निर्माण करी! या सर्व समजुतींत एक गोष्ट सारखी आहे. तीळ कोठें आहे, हें प्रत्येकानें पाहिलें. तो गेल्या वर्षीं कसा होता आणि आज कसा आहे, हें कोणींच विचारलें नाहीं.

याला अपवाद शोधावयाचा तर आपल्या वैद्यांकडे गेलें पाहिजे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत क्षुद्ररोगांचा एक अध्याय आहे. त्यांत त्वचेवरील खुणांची जी वर्गवारी केली आहे, ती पाहून आजच्या विद्यार्थ्यालाहि कौतुक वाटेल. तिळाएवढा, काळा, न दुखणारा आणि त्वचेशीं सपाट असा तो ‘तिलकालक’. उडदासारखा उंच आलेला, घट्ट, काळा आणि वेदनारहित तो ‘मषक’. आपला ‘मस’ हा शब्द त्याच घराण्यांतला. जन्मापासून असलेला तो ‘जतुमणि’. त्याच संहितेंत दुसऱ्या एका अध्यायांत ‘अर्बुदा’चें वर्णन आहे : वाटोळें, स्थिर, खोल मूळ धरलेलें, हळूहळू वाढणारें आणि न पिकणारें. दोन्ही वर्णनें इतकीं बारकाईचीं आहेत. परंतु पहिल्याचें दुसरें होऊं शकतें, हा धागा तेथें जोडलेला दिसत नाहीं. तिळाला ‘क्षुद्र’ रोगांत जागा मिळाली, आणि क्षुद्र म्हटल्यावर त्याची विशेष चिंता कोणी करावी? उपाय सांगितला तो खरवडून क्षारानें किंवा अग्नीनें जाळण्याचा. हा उपाय आजहि आपल्याकडे वेगळ्या रूपानें जिवंत आहे. त्याविषयीं शेवटीं बोलेन.

युरोपांतहि हा धागा सांपडण्यास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. लंडनचे प्रसिद्ध शस्त्रवैद्य जॉन हंटर यांनीं १७८७ सालीं एका ३५ वर्षांच्या मनुष्याच्या जबड्यामागची पुन्हा उद्भवलेली गांठ कापून काढली. ती काळपट गांठ त्यांनीं बरणींत जपून ठेवली. पण हा रोग कोणता, हें त्यांना नीट उमगलें नव्हतें. ती बरणी हंटर यांच्या संग्रहालयांत राहिली, आणि १९६८ सालीं सूक्ष्मदर्शकाखालीं तपासल्यावर ती रंगपेशींच्या कर्करोगाची, म्हणजे मेलॅनोमाची गांठ असल्याचें निश्चित झालें. रोगाचें नांव रोग्याच्या गांठीला मिळावयास जवळजवळ १८१ वर्षें लागलीं!

पॅरिसमध्यें रने लेनेक या तरुण वैद्यानें १८०४ सालीं या काळ्या गांठींचा स्वतंत्र रोग म्हणून उल्लेख केला. हेच लेनेक पुढें स्टेथॉस्कोपचे जनक म्हणून प्रसिद्धीस आले. परंतु तिळाचा आणि या रोगाचा संबंध स्पष्टपणें दाखविण्याचें श्रेय इंग्लंडांतील स्टोअरब्रिज या लहानशा गांवच्या एका साध्या डॉक्टराला आहे. त्याचें नांव विल्यम नॉरिस. १८२० सालीं त्यानें एका ५९ वर्षांच्या रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली. रोग्याच्या पोटावर जन्मभर असलेला तीळ वाढूं लागला, त्याची गांठ झाली आणि रोग सर्व शरीरभर पसरून तो मनुष्य दगावला. एवढ्यावर नॉरिस थांबला नाहीं. त्यानें घराण्याची चौकशी केली. तेव्हां रोग्याचा बापहि अशाच रोगानें गेला होता, आणि त्याच्या मुलांच्या व भावंडांच्या अंगावर पुष्कळ तीळ होते, असें आढळलें. हा रोग आनुवंशिक असावा असा तर्क त्यानें केला. मोठ्या रुग्णालयांतल्या विद्वानांना जें दिसलें नाहीं, तें गांवांतल्या डॉक्टराला दिसलें. कारण तो रोग्याच्या घरीं जात होता, त्याच्या बापाला व मुलांना ओळखत होता. १८४० सालीं सॅम्युएल कूपर या शस्त्रवैद्यानें लिहून ठेवलें कीं रोग पसरल्यावर उपाय नाहीं. आशा असेल तर ती लवकर कापून काढण्यांतच आहे. हें वाक्य पुढें शंभराहून अधिक वर्षें बदललें नाहीं.

नॉरिसचा तर्क खरा ठरावयास मात्र दीडशे वर्षें जावीं लागलीं. १९७८ सालीं अमेरिकेंत वॉलेस क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं कांहीं कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या कुटुंबांतील अनेकांना मेलॅनोमा झाला होता, आणि त्यांच्या अंगावरचे तीळ नेहमींच्या तिळांसारखे नव्हते. ते संख्येनें पुष्कळ, आकारानें मोठे, कडेला वेडेवांकडे, आणि एकाच तिळांत तपकिरी, गुलाबी, काळा अशा मिश्र रंगांचे होते. त्याच वर्षीं हेन्री लिंच यांनींहि अशाच घराण्यांविषयीं लिहिलें. पुढें १९९४ सालीं अशा कित्येक कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या उतरणारा एक जनुकदोष सांपडला. या वेगळ्या तिळांना आज ‘अनियमित तीळ’ म्हणतात.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. अनियमित तीळ म्हणजे कर्करोग नव्हे, आणि असा प्रत्येक तीळ पुढें कर्करोग होतो असेंहि नव्हे. बहुतेक तसे होत नाहींत. उलट, बहुसंख्य मेलॅनोमा तिळांतून उगवतच नाहींत. ते स्वच्छ त्वचेवर नव्यानें उगवतात. मग अनियमित तिळांचें महत्त्व काय? ज्याच्या अंगावर असे अनेक तीळ आहेत आणि ज्याच्या जवळच्या नात्यांत हा रोग झाला आहे, त्याच्या त्वचेवर अधिक लक्ष हवें, हेंच. म्हणूनच अंगावरचे सर्व तीळ कापून टाकल्यानें भय संपत नाहीं. भय संपतें तें नियमित पाहण्यानें.

तीळ म्हणजे आहे तरी काय? आपल्या त्वचेंत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. मूल गर्भांत असतांना त्या पाठीच्या कण्याच्या बाजूनें निघून सर्वांगाच्या त्वचेंत जाऊन वस्ती करतात. त्यांतील कांहीं एखाद्या ठिकाणीं जमून वाढूं लागतात, आणि थोड्या वाढून थांबतात. हा झाला तीळ. २००३ सालीं असें आढळलें कीं मेलॅनोमांत वारंवार सांपडणारा एक जनुकबदल बहुसंख्य साध्या तिळांतहि असतो. म्हणजे वाढीची प्रेरणा दोघांत आहे. पण तीळ थांबला आणि कर्करोग थांबला नाहीं. थांबणें हाच तिळाचा धर्म होय. सेवापुस्तकांतला तो रकाना या धर्माच्या भरंवशावरच उभा आहे. आणि म्हणूनच बदललेला तीळ ही दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नव्हे.

अलेक्झांडर ब्रेस्लो यांनीं १९७० सालीं हा विषय मोजपट्टीवर आणला. रोगाची जाडी किती मिलिमीटर, यावर रोग्याचें भवितव्य पुष्कळ अंशीं अवलंबून असतें, असें त्यांनीं दाखवून दिलें. एका मिलिमीटराहून पातळ असतांना काढला तर बहुतेक रोगी बरे होतात. जाडी वाढली कीं आशा घटते. रोग पसरल्यावर उपयोगी पडणारीं नवीं औषधें गेल्या पंधरा वर्षांत निघालीं आहेत. शरीराच्या प्रतिकारशक्तीला मोकळें करण्याच्या या कल्पनेबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चें नोबेल पारितोषिकहि मिळालें. परंतु त्यांचा खर्च मोठा आहे, आणि यश सर्वांना येत नाहीं. कूपरचें वाक्य पुष्कळसें आजहि खरें आहे.

‘पण हा तर गोऱ्यांचा रोग,’ असें आपणांपैकीं कोणी म्हणेल. तें बव्हंशीं खरें आहे. आपल्या त्वचेंतील मेलॅनिन हें रंगद्रव्य सूर्याच्या अतिनील किरणांपासून छत्रीसारखें रक्षण करतें. ऑस्ट्रेलियांत हा रोग घरोघरीं परिचयाचा. भारतांत त्याचें प्रमाण वर्षाला लाखांत एकाहूनहि कमी आहे. परंतु अर्धवट खरी गोष्ट कित्येकदां खोट्या गोष्टीहून अधिक घातक ठरते. सावळ्या माणसाला हा रोग होतो तेव्हां तो पुष्कळदां अशा ठिकाणीं होतो, जेथें ऊन पोंचत नाहीं आणि दृष्टीहि पोंचत नाहीं : तळपाय, तळहात आणि नखाखालची जागा. नखाजवळच्या या प्रकाराचें वर्णन जोनाथन हचिन्सन यांनीं १८८६ सालींच केलें होतें; तळव्यांवरील प्रकाराला वेगळी जात म्हणून मान्यता १९७६ च्या सुमारास मिळाली.

ही गोष्ट मी ग्रंथांतून शिकलों असतों तर बरें झालें असतें. आमच्या शाळेंत चित्रकला शिकविणारे एक गुरुजी होते. रंगांची इतकी पारख असलेला माणूस मीं पाहिला नाहीं. मुलाच्या चित्रांतली छटा पावसाळी आभाळाची कीं हिवाळी, हें ते दुरून सांगत. त्यांच्या टांचेवर एक काळा डाग पडला. ‘कांटा मोडला असेल, रक्त सांकळलें असेल,’ असें ते म्हणाले. पुढें तो वाढला, तेव्हां आम्ही सर्वांनींच तें कुरूप ठरविलें. कुरुपाची पट्टी मीच त्यांना आणून दिली. वर्ष गेलें. डागाला एका बाजूस जांभळी झांक आली, कड फांटली; आणि शेवटीं जांघेंत गांठ आल्यावर ते डॉक्टरांकडे गेले. त्यानंतर ते दोन वर्षें जगले. ज्यांच्या डोळ्यांतून कागदावरचा एक ठिपका सुटत नसे, त्यांनीं आपल्या टांचेवरचा डाग नीट पाहिला नाहीं. आणि आम्ही शेजारीं बसणाऱ्यांनींहि पाहिला नाहीं. पट्टी देतांना मी एवढें जरी विचारलें असतें, ‘गुरुजी, हा डाग दिवाळींत केवढा होता?’

त्वचेचा कर्करोग एवढ्या एकाच जातीचा नव्हे, आणि दुसऱ्या एका जातीच्या अभ्यासांत आपल्या महाराष्ट्राचा वांटा मोठा आहे. मुंबईचें टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ सालीं सुरू झालें. त्याच्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर. १९४५ सालीं त्यांनीं आणि डॉ. सूर्याबाई यांनीं लोकांच्या राहणीशीं जोडलेल्या कर्करोगांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत कमरेला घट्ट कसलेल्या धोतरामुळें कातडीला वर्षानुवर्षें घांसून होणारा कर्करोग वर्णिला आहे. काश्मिरांत पोटाशीं शेगडी धरण्याच्या रीतीमुळें होणाऱ्या ‘कांगडी’ कर्करोगाची नोंद १८६६ सालीं एल्म्स्ली यांनीं केली होती. खानोलकरांनीं तीच शोधक दृष्टि आपल्या नेसण्याकडे वळविली. धोतर मागें पडलें, पण कमरेला घट्ट नेसलेलें लुगडें आणि साडीच्या आंतील परकराची नाडी हीं राहिलीं. २०२४ सालीं वर्धा आणि बिहारांतील मधुबनी येथील डॉक्टरांनीं अशा दोन वृद्ध स्त्रियांच्या हकीकती प्रसिद्ध केल्या. कमरेवरच्या त्यांच्या जखमा वर्ष-दोन वर्षें भरत नव्हत्या, आणि तपासल्यावर कर्करोग निघाला. नाडी थोडी सैल बांधणें, ती रुंद असणें, आणि न भरणारी जखम न लपविणें, हा त्यावरचा साधा उपाय. आपल्या घरांतील स्त्रिया कमरेवरच्या जखमेविषयीं बोलत नाहींत, हें लक्षांत घेऊन घरच्यांनींच विचारावयास हवें.

या इतिहासांत पुण्याचेंहि एक पान आहे. टिपूबरोबरच्या १७९२ च्या युद्धांत इंग्रजी सैन्याचा कावसजी नांवाचा एक मराठा बैलगाडीवान शत्रूच्या हातीं सांपडला. त्याचें नाक आणि एक हात कापण्यांत आला. सुमारें वर्षभरानंतर पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें त्याच्या कपाळावरची कातडी वळवून त्याला नवें नाक बसविलें. मेणाचा नाकाचा नमुना करावा, तो सपाट करून कपाळावर ठेवावा, त्याभोंवतीं रेघ ओढावी आणि तेवढी कातडी, मूळ न तोडतां, खालीं फिरवावी, अशी ती रीति. मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज डॉक्टरांनीं ही क्रिया डोळ्यांनीं पाहिली होती. १७९४ च्या ऑक्टोबरांत तिची हकीकत लंडनच्या मासिकांत आली, आणि १८१४ सालीं जोसेफ कार्प्यू यांनीं ती तेथें करून दाखविली. हें कर्करोगासाठीं केलें नव्हतें, हें खरें. पण नाकावरचा त्वचेचा कर्करोग काढल्यावर तें नाक पुन्हा घडविण्यासाठीं जगभरचे शस्त्रवैद्य आज जी कपाळाच्या कातडीची पद्धति वापरतात, ती त्याच घराण्यांतली. ज्या कारागिराचें नांवहि कोणीं लिहून ठेवलें नाहीं, त्याची विद्या आज हजारों रोग्यांच्या कामीं येते.

आतां व्यवहाराची गोष्ट. मी वैद्य नव्हे. शाळामास्तर आहें, तेव्हां प्रश्नपत्रिकाच काढतों. १९८५ सालीं न्यूयॉर्कच्या त्वचारोगतज्ज्ञांनीं संशयित तिळाची परीक्षा कशी करावी याचे चार नियम सांगितले. २००४ सालीं पांचवा जोडला गेला. प्रश्न असे : तिळाचे दोन अर्धे भाग एकमेकांशीं जुळतात कीं नाहीं? कड सरळ आहे कीं खाचेदार? रंग एकच आहे कीं अनेक? रुंदी सहा मिलिमीटरांहून, म्हणजे पेन्सिलीच्या मागच्या टोंकाहून, अधिक आहे काय? आणि सर्वांत महत्त्वाचा पांचवा : तो बदलतो आहे काय? यांत आणखी एक जोडा. अंगावरच्या इतर तिळांत न मिसळणारा, पंक्तींत परका वाटणारा असा एखादा आहे काय? पांचव्या किंवा या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर ‘होय’ असेल, किंवा तिळांतून रक्त येत असेल, तर कुलदैवताला नवस बोला हवा तर, पण त्याच आठवड्यांत त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. ससूनसारख्या सार्वजनिक रुग्णालयांतहि त्वचारोगांचा विभाग असतो. नखावर नवीन काळी रेघ उठली, ती रुंदावत गेली किंवा काळेपणा नखाबाहेरच्या कातडीवर उतरला, तरीहि तेंच करा. मुलांना नवे तीळ येतात, गरोदरपणीं तीळ थोडे गडद होतात. त्यांत बहुधा भिण्यासारखें कांहीं नसतें. चाळिशीनंतर नव्यानें आलेला मात्र लक्षपूर्वक पाहावा.

आणि जाळण्याचें तें जुनें औषध! चुना आणि धुण्याचा सोडा लावून तीळ जाळणें, घोड्याचा केस बांधून मस पाडणें, हीं कामें अजून होतात. चामखीळ पडेलहि, पण तीळ जर बदललेला असेल तर या जाळण्यानें पुरावा जळतो आणि मूळ आंत राहतें. डॉक्टरांनीं काढलेला संशयित तीळहि फेंकून न देतां सूक्ष्मदर्शकाखालीं तपासला गेला पाहिजे, हें रोग्यानें आवर्जून विचारावें. हंटरची गांठ १८१ वर्षांनीं बोलली, ती कोणीं जाळली नव्हती म्हणून.

महिन्यांतून एकदां, स्नानाच्या वेळीं, आपला देह आपण पाहावा. पाठ पतिपत्नींनीं एकमेकांची पाहावी, वृद्ध आईवडिलांचे तळपाय मुलांनीं पाहावे. आपल्याकडे वडिलांच्या पायांवर डोकें ठेवण्याची चाल आहे. तेव्हां तळवेहि क्षणभर उलटून पाहिले, तर नमस्काराचें पुण्य कांहीं कमी होणार नाहीं.

माझें सेवापुस्तक आतां दप्तरांतल्या कुठल्याशा कपाटांत पडलें असेल. पण हें भाषण लिहावयास बसलों तेव्हां आरशापुढें जाऊन डाव्या गालावरचा तो तीळ पाहिला, आणि मग खुर्चीवर बसून, कष्टानें कां होईना, दोन्ही टांचाहि पाहिल्या. श्रोत्यांनीं आज रात्रीं झोंपण्यापूर्वीं एवढें केलें, तर माझें भाषण कारणीं लागलें असें मी समजेन.